साडेतीन सेंटिमीटर

मागच्या पाच महिन्यांत महादेवीनं हवेला जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या तिच्या सासूनं टँकरवाल्यालाही घातल्या नसतील. आणि हवा तरी कुठली, तर कॉम्प्युटरातली.

नांदेडच्या एका कॉलेजात ती पीएच.डी. करत होती. विषय सांगायला सोपा. हातभर लांबीच्या चौकोनी लोखंडी नळीतून आवाजाच्या वेगाहून जोरात हवा सोडायची. धावता धावता ती एका जागी एकदम अडते, वेग पडतो, दाब चढतो. त्याला शॉक म्हणतात. प्रयोगशाळेतल्या नळीत हा शॉक अठराव्या सेंटिमीटरवर उभा राहायचा. मागच्या कोरड्या भादव्यात सहा वेळा मोजलं, सहाही वेळा अठरा. कॉम्प्युटर मात्र साडेएकवीसवर अडून बसलेला.

त्या साडेतीन सेंटिमीटरांनी तिचं डोकं खाल्लं. तिनं गणिताची जाळी बारीक केली, नळीचे कोपरे पुन्हा आखले, भिंतीलगत हवा कशी घुसळते त्याची सूत्रं चारदा बदलली. एकेका फेरीला अकरा तास, आणि दहाव्या तासाला लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तिनं घुसळणीच्या सूत्रातला एक आकडाच हातानं थोडाथोडा वाढवत नेला. शॉक मुकाट मागं सरकला आणि अठरावर येऊन बसला. आकडा वाढवायला कारण काय, तर काही नाही. जुळला, एवढंच.

तिचे गाइड बसलिंगप्पा सर खूश झाले. "चौथं प्रकरण सोमवारी आणा, सही करतो," म्हणाले. आकड्याचं त्यांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पंधरा जूनला रजा संपत होती, लातूरला नोकरीवर हजर व्हायचं होतं. त्याआधी सही झाली तर प्रबंध जमा होणार. नाहीतर नोकरी, घर आणि चौदा महिन्यांची अक्कू यांतून तो पुन्हा कधी हाती येणार, हे तिचं तिलाच ठाऊक होतं.

लातूरच्या नळाला महिना महिना पाणी येईना, म्हणून सासू, कावेरीबाई, नात सांभाळायला नांदेडच्या खोलीवर आली होती.

"झाली का गं तुझी हवा?" शनिवारी सकाळी तिनं विचारलं.

"झाली, आत्या."

"मग त्वांड का असं करून राहिलीस? पास झाल्यावानी तर दिसंना."

अक्कूनं आईच्या ओढणीचं टोक तोंडात घातलं होतं. महादेवीनं ते हळूच सोडवलं, ओल्या गालाची पापी घेतली आणि ती निघाली. प्रकरणात घालायला यंत्राचे फोटो तेवढे राहिले होते.

प्रयोगशाळेचं दार ज्ञानोबानं उघडलं. तिथं सगळं तोच बघायचा. पंचावन्नचा, उदगीरकडचा माणूस.

"म्याडम, बंद मशीनचा फोटू काय काढता? कॉम्प्रेसर थंड करायला पाणी न्हाई. उन्हाळाभर हात लावायचा न्हाई, असा हुकूम हाय."

"बंद असू दे, मामा. मला पाईप दिसले की झालं."

"उदगीर जिल्हा होऊ द्या, मग बगा. सगळी सोय हुईल."

"जिल्हा झाला की पाऊस पडतो का, मामा?"

"पाऊस न्हाई पडत. पर कलेक्टर तर येतंय का न्हाई?"

ती हसली आणि मोबाईल घेऊन वाकली. हवेची टाकी, दाबाचं घड्याळ, मग हवेतलं पाणी वेगळं काढणारं लोखंडी भांडं, मग नळी. भांड्याच्या बुडाला तोटी होती. तोटीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिंधीनं करकचून बांधला होता.

"हे काय लावलंय?"

"ते व्हय. मशीन चालू झालं की तितनं पाणी पडतंय. वाया कशाला घालवावं?"

"चालू असताना तोटी उघडी ठेवत होता?"

"अर्धीच. पुरी उघडली तर बादली उडून जायची." त्याला स्वतःचंच हसू आलं. "तुम्ही पलीकडल्या खोलीत कानात बोळे घालून आकडे घेत बसायच्या, तुम्हाला कसं कळावं? दिसभरात अर्धी बादली व्हायची. जरा त्येलकट, पर धुवायला चालतंय. लेडीजच्या संडासापुढं बादली कोण ठिवत व्हतं, वाटलं तुम्हाला? नळ तर बंद. तुम्ही तान्हं लेकरू घिऊन येत व्हता."

महादेवी शेजारच्या स्टुलावर बसली. त्या बादलीत तिनं अक्कूची दुपटी खळबळली होती. कॉलेजची सोय समजून मनातल्या मनात कॉलेजचे आभारही मानले होते.

घड्याळ तोटीच्या अलीकडं होतं. पाण्याबरोबर हवाही तोटीतून निसटायची, घड्याळावर दिसायचा तेवढा दाब नळीपर्यंत पोचतच नव्हता. दाब कमी, म्हणून शॉक मागं. कॉम्प्युटरला तिनंच चुकीचा दाब सांगितला होता, आणि त्यानं त्या दाबाचं बरोबर उत्तर दिलं होतं. पाच महिने ती एका गळत्या तोटीपायी हवेचे नियम वाकवत बसली होती.

"काय चुकलं का, म्याडम?"

त्याच्यावर ओरडावं एवढा संताप आला होता, पण ओरडायचं कुठल्या तोंडानं? "चहा सांगता का, मामा," ती म्हणाली.

चहा येईपर्यंत मनात नको ते येऊन गेलं. फोटोतली ट्यूब कापून टाकता येते. आलेख जुळलाय, सर खूश आहेत, सोमवारी सही. कोण येतंय तोटी बघायला? पण चहा पिता पिता ती प्रयोगाची वही उलटत होती, आणि तिला पहिल्या भोकाची ओळ दिसली. नळीच्या भिंतीत दाब मोजायला चौदा भोकं होती. पहिलं सगळ्यात अरुंद जागी. तिथला दाब येणाऱ्या दाबाच्या अर्ध्याहून थोडा जास्त, हे प्रमाण ठरलेलं. सहाही वेळा तो कमी आला होता, म्हणून तिनं लाल पेनानं ओळ खोडून लिहिलं होतं, 'सेन्सर खराब'. चौदांतलं एवढं एकच भोक धडधडीत खरं सांगत होतं, आणि नेमकं त्याचंच तिनं तोंड बंद केलं होतं.

तिनं त्या आकड्यावरून खरा दाब काढला, वाढवलेला आकडा मूळ जागी आणला आणि फेरी सुरू करून घरी गेली. रविवारी अक्कूला कडेवर घेऊनच येऊन पाहिलं. शॉक अठरा पॉइंट दोनवर होता.

सोमवारी सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे आधीचा आकडा तुम्ही हातानं वाढवला होता?"

"हो, सर."

"आणि मी सही करणार होतो त्याच्यावर."

"हो, सर."

"ज्ञानोबाला मेमो द्यावा लागेल."

"तोटी तपासायचं काम माझं होतं, सर. मेमो मला द्या."

"प्रबंधात काय लिहिणार? बादली?"

"लिहावं लागेल, सर. कुठली तोटी, किती उघडी आणि कशासाठी, सगळं."

सरांनी कपाळ चोळलं. "पंधरा जूनचं मी काही कबूल करत नाही. आख्खं प्रकरण नव्यानं लिहायचंय. सहाही प्रयोगांना हा नवा दाब लावून दाखवायचा, एकाला लावून भागणार नाही. होईल तुमच्याच्यानं, लेकरू सांभाळून?"

"माहीत नाही, सर."

त्यांनी तिचं जुळलेल्या आलेखाचं प्रकरण उचलून खाली रद्दीच्या खोक्यात टाकलं आणि प्रयोगाची वही स्वतःकडं ओढली.

"अकराला मला मीटिंग आहे. खुर्ची घ्या, आणि त्या पहिल्या भोकापासून सांगा."