अख्खा कोट

"अहो काकू, बाह्या उलट्या लागल्यात!"

सिद्धांती कोट चढवून उभा होता आणि त्याचे दोन्ही हात मागे ओढले जात होते. सगळा शिलाईखाना पोट धरून हसला. कॉलरकाकूंना मात्र रडू फुटलं.

त्यांचा तरी काय दोष? इथे त्यांचे केस पिकले, पण कॉलरीखेरीज त्यांनी कधी काही शिवलंच नव्हतं. कॉलर त्या डोळे मिटून शिवतील. पुढे ती कुणाच्या मानेवर बसते, देव जाणे. मालकाने टाळं ठोकलं तेव्हा कामगारांनीच सगळं चालवायला घेतलं. कापड कापणाऱ्या सिद्धांतीला हे नाव जाडजूड पुस्तकांपायी पडलेलं. पहिल्याच बैठकीत त्याने ठराव मांडला, की यापुढे कुणी एका तुकड्याला जखडून राहायचं नाही, प्रत्येकाने अख्खा कोट शिवायचा. दवाखान्याला दाखवायच्या कोटासाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि नेमकी काकूंची निघाली. कोट पसंत पडला तर वर्षभराचं काम, नाहीतर मशिनं परत मालकाच्या घशात. आणि दवाखान्याच्या मेट्रनबाई दुपारी येणार होत्या!

"माझ्या हातून नाही व्हायचं," काकू म्हणाल्या. "बाहीवालीला द्या."

"काकू, यालाच परात्मता म्हणतात," सिद्धांतीने सुरू केलं. "माणूस वस्तू घडवतो, ती दुसऱ्याची होते. नफा जातो तो जातोच, पण हळूहळू स्वतःचे हातही परके वाटायला लागतात..."

"चुलीत घाला तुमची परात्मता! आधी सुई ओवून द्या. डोळ्यांत पाणी आलंय, नेढं दिसत नाही."

सिद्धांतीने मुकाट्याने सुई ओवली. बाह्या उसवून झाल्या. बाहीवाली शेजारी येऊन बसली.

"एक खाच ती पुढची बाजू, दोन खाचा ती मागची. मी हात लावणार नाही हं काकू. तुम्हीच लावा."

काकूंनी कच्चे टाके घातले, मग मशिन धरलं. या खेपेला कुणी हसलं नाही.

दुपारी मेट्रनबाईंनी कोट घातला, हात वर केले, वाकून पाहिलं, खिसे चाचपले.

"काखेत काचत नाही. आमचे जुने फार काचायचे. कुणी शिवला?"

"मी," काकू म्हणाल्या.

"अख्खा?"

"अख्खा!"

"मग बाकीचेही असेच द्या."

शिलाईखाना दणाणला. सिद्धांतीने कात्रीने टेबल बडवलं, बाहीवालीने काकूंना कडकडून मिठी मारली. मेट्रनबाई कोट न उतरवताच निघाल्या. काकू मिठी सोडवून त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावल्या.

रस्त्यावर तोबा गर्दी होती. सिद्धांती मागून येऊन काहीतरी समजावू लागला.

"थांबा हो जरा," काकू म्हणाल्या. "माझा कोट चाललाय."

तोही शेजारी उभा राहिला. कोट वळणाआड जाईपर्यंत दोघं पाहत होते.