डावीकडेच उडणारी केप

मित्रांनो, मी एक जुनी केप आहे. केप म्हणजे सुपरहिरोच्या पाठीवर फडफडतं ना, ते लाल कापड. उगाच गैरसमज नको म्हणून आधीच सांगते, मी स्वतःहून कधीही उडालेली नाही. मला पंख्यानं उडवलं, दोरीनं ओढलं आणि एकदा तर दारात अडकवून टरकावलं.

माझा जन्म एका सिनेमाच्या कपडेपटात झाला. तिथं शिवणकाम करणाऱ्या मावशींनी मला पडद्यांच्या उरलेल्या कापडातून बेतलं. सिनेमा होता वादळवीराचा, आणि वादळवीर आला होता चित्रकथांच्या पुस्तकांतून. ती चित्रं काढणाऱ्या आजोबांना माणसाचं नाक एकाच बाजूनं जमत असे. त्यामुळे बिचारा वादळवीर जन्मभर उजवीकडेच उडाला आणि त्याची केप कायम डावीकडे फडफडत राहिली.

आमचा दिग्दर्शक लहानपणापासून याच पुस्तकांवर पोसलेला. मूळ चित्रातली एक रेघही इकडची तिकडे होऊ देणार नाही, अशी त्यानं शपथच घेतली होती. मग माझ्या काठात तार घालण्यात आली, मोठा पंखा उजव्या बाजूला पक्का ठोकण्यात आला, आणि मी कायमची डावीकडची झाले.

मला पाठीवर घेणारा नट अगदी नवखा होता. पोरगा गुणी, पण नशीब बघा. पहिलाच सिनेमा मिळाला आणि त्यात तोंडभर मुखवटा. वादळवीर कुणालाही चेहरा दाखवत नाही. जेवणाच्या सुट्टीत पोराच्या आईचा फोन येई.

"चेहरा दिसणार ना रे तुझा? मी सगळ्या शेजारणींना सांगून बसलेय."

"बघू गं आई," एवढंच तो म्हणे आणि अर्धा डबा तसाच बंद करून ठेवी. मला फार वाईट वाटे, पण कापडाला कोण विचारतो?

एके दिवशी चोराच्या घरावर झेप घ्यायचा प्रसंग होता. घर उभारलं होतं डावीकडे. म्हणजे वादळवीरानं डावीकडे उडायचं आणि मीही डावीकडेच.

"सर, पंखा फिरवला तर? नाहीतर ही माझ्या तोंडावर येईल," पोरगा म्हणाला.

"केप डावीकडेच. चित्रात तशी आहे."

"पण चित्रात तो डावीकडे जातच नाही ना, सर."

"म्हणून काय झालं?"

तारेला बांधून पोराला उचललं, पंखा सुरू झाला आणि मी पुढे येऊन त्याच्या डोक्याला ओल्या पंच्यासारखी गुंडाळली गेले. आंधळ्या कोशिंबिरीतल्यासारखे हात पसरत तो खिडकीतून आत शिरला आणि आपली पाळी येईपर्यंत निवांत चहा पीत बसलेल्या चोरावर आदळला. माझा हूक मुखवट्यात अडकला नि मुखवटा निघाला. चहात भिजलेला पोरगा गादीवर पडून खदखदा हसत होता आणि त्याचा अख्खा चेहरा कॅमेऱ्यात दिसत होता. सगळे हसून लोटपोट झाले, दिग्दर्शकसुद्धा.

"हे ठेवू या," तो म्हणाला.

पोरानं लगेच आईला फोन लावला. पण हसू ओसरलं की माणसाला तत्त्वं आठवतात. वादळवीर चेहरा दाखवत नाही म्हणजे नाही. दिग्दर्शकानं दुसऱ्या दिवशी पंखा बंद ठेवून तो प्रसंग पुन्हा घेतला आणि आधीचा कापून टाकला. पोराला हे कळलं सिनेमाच्या पहिल्या खेळाला, दारात. तोवर आईनं शेजारणींची अख्खी रांग भरवली होती.

जाहिरातीसाठी त्याला मुखवट्यासकट, मला पाठीवर घेऊनच आईशेजारी बसवलं होतं. त्याच्या घामानं मी चिंब झाले. शेजारीण दर थोड्या वेळानं विचारी, "यात तुमचा कुठला हो?" आई म्हणे, "येईल, येईल." पोरगा खुर्चीत खाली खाली सरकत चालला होता.

मग तो चोराच्या घराचा प्रसंग आला. वादळवीर काच फोडून आत उतरला. समोर चोर पिस्तूल रोखून उभा. आणि वादळवीरानं काय करावं? आधी पायपुसण्यावर दोन्ही पाय नीट पुसले, मगच चोरावर झडप घातली. चित्रीकरणात हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

आई ताडकन उठून उभी राहिली.

"हा बघा. हा माझा. काच फोडून आलेला कुणी पाय पुसतो का कधी? लहानपणापासून ओरडून ओरडून शिकवलंय त्याला मी."

सगळ्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. पोरानं मुखवटा वर सरकवला आणि माझ्यात तोंड खुपसून पोटभर रडून घेतलं. मावशींनी मला नंतर तीनदा धुतलं, पण त्यानं मुखवट्याच्या भोकांसाठी डोळ्यांभोवती लावलेल्या काळ्या रंगाचा डाग काही गेला नाही. मला तो फार आवडतो.

आता मी डांबरगोळ्यांच्या वासात पेटीत पडून असते. शाळेतल्या नाटकाला कुणी नेतं, तिथं मुलं मला घेऊन फळासुद्धा पुसतात. मित्रांनो, तेवढं करू नका. मला सावलीत वाळवा, नीट घडी घाला, आणि मला पाठीवर बांधून गच्चीवरून उडी तर मुळीच मारू नका. मी उडत नाही, हे सांगितलंच आहे. आणखी एक विनंती. सिनेमा ऐन रंगात आला असताना पुढच्या रांगेतली एखादी बाई उठून उभी राहिली, तर लगेच तिच्यावर ओरडू नका. तिला तिचं माणूस दिसलं असेल.