थायरॉईडची डबी

मी एक स्टीलची डबी बोलतेय. जरा जवळ या, कारण मला मोठ्याने बोलायची सवय नाही. भिंतीला कान असतात म्हणतात. ठाकुर्लीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तर भिंतीपलीकडच्या माणसांनाही असतात.

माझ्या झाकणावर ‘चि. अद्वय याच्या मुंजीप्रीत्यर्थ’ असं कोरलेलं आहे. हा अद्वय कोण, ते या घरात कुणालाच ठाऊक नाही. मुंजीत मी वाटली गेले, मग कुणी मला संक्रांतीचं वाण म्हणून पुढे ढकललं, त्या बाईंनी दुसरीकडे. बायका वाण कौतुकाने घेतात आणि पुढच्या वर्षी तेच दुसरीच्या हातात ठेवतात. तेव्हापासून माणसांच्या कौतुकावर माझा विश्वास बसत नाही.

अशीच फिरत मी या घरी आले आणि नंदाने मला उचललं. नंदा म्हणजे या घरातली धाकटी सून. नवरा सहदेव गेला, तेव्हा मुलगी सान्वी शाळेतही जात नव्हती. त्यानंतर नंदाचं रक्त तपासलं आणि तिलाही एचआयव्ही असल्याचं निघालं. थोरले दीर विश्राम आणि जाऊ हेमाताई यांच्या घरात मायलेकी राहतात. सरकारी दवाखान्यातून नंदा दर महिन्याला गोळ्यांची बाटली आणते. घरी यायच्या आधीच बाटलीवरचं लेबल नखाने खरवडते, गोळ्या माझ्यात ओतते आणि बाटली स्टेशनवरच्या कचऱ्यात टाकते. वाजू नये म्हणून तिने माझ्या आत कापूस घातला. माझी जागा साबुदाण्याच्या बरणीमागे.

“कसल्या गं गोळ्या?” एकदा हेमाताईंनी विचारलं होतं.

“थायरॉईडच्या,” नंदा म्हणाली. तेव्हापासून मी थायरॉईडची डबी.

राखण करायची म्हणजे संशय घ्यायलाच हवा. मी तो सगळ्यांवर घेतला. सान्वीवर, कारण ती प्रत्येक गोष्टीचा मोबाइलवर फोटो काढते. शेजारच्या काकूंवर, कारण साखर मागायला आलेल्या बाईची नजर साखरेवर नसते. पण सगळ्यात जास्त हेमाताईंवर. त्या येता-जाता मला उचलायच्या, तळहातावर तोलायच्या, कानाशी हलवायच्या आणि परत ठेवायच्या. उघडायच्या मात्र कधीच नाहीत. चोर असता तर एकदाच उघडून मोकळा झाला असता. ही बाई काय शोधतेय, ते मला कळेना.

नंदावर संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. कितीतरी वर्षं ती जेवण झालं की यायची, गोळी घ्यायची, जायची. दवाखान्यातले रिपोर्ट चांगले होते. पण गेल्या पावसाळ्यानंतर ती झाकण उघडून नुसती उभी राहू लागली. गोळी हातात घ्यायची, बघायची आणि परत कापसात ठेवायची. घरात भांडण नाही, कुणी काही बोललं नाही, काहीच घडलं नव्हतं. केस विंचरायचे राहू लागले. आमटीत मीठ घालायचं राहू लागलं. सान्वी काही सांगायला लागली की “हो” म्हणायची आणि ऐकत नसायची. नवी बाटली मात्र न चुकता यायची. मी भरत गेले, इतकी की झाकण नीट बसेना.

मग संक्रांत आली. हळदीकुंकवाची तयारी म्हणून हेमाताईंनी फळीवरच्या जुन्या डब्या तिळगूळ भरायला खाली काढल्या. त्यात मलाही! नंदा धावत आली, पण तोवर झाकण निघालं होतं. मला वाटलं, संपलं. आता संध्याकाळच्या बायकांना तिळगुळाबरोबर ही बातमीही मिळणार.

“नंदा, दार लाव,” हेमाताई म्हणाल्या.

“ताई, त्या थायरॉईडच्या...”

“थायरॉईडची मी पण घेते अगं. सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते ती. तू जेवल्यावर घेतेस. मला तेव्हाच कळलेलं.”

“मग बोलला नाहीत?”

“भावजी कशाने गेले ते मला माहीत नाही होय? तुला सांगायचं असतं तर सांगितलं असतंस. मी फक्त डबी हलकी होतेय ना, तेवढं बघायची. चार महिने ही जडच होत चाललीय. का घेत नाहीस?”

नंदा खाली बसली. “घ्यावीशीच वाटत नाही, ताई. हातात घेते आणि वाटतं, कशाला? सान्वी समोर असते, तरी वाटतं. मला माझीच भीती वाटते.”

हेमाताईंनी तिळगुळाचं ताट बाजूला सारलं. “उद्या मी येते तुझ्याबरोबर दवाखान्यात.”

“कुणी बघितलं तर?”

“बघितलं तर बघितलं. माझ्या थायरॉईडला आलोय म्हणून सांगू.”

नंदा आधी हसली आणि मग खूप रडली. मला हेमाताईंचा फार राग यायचा. त्या दिवशी तो उतरला.

दुसऱ्या दिवशी नंदाच्या पर्समधून मीही गेले. तिथल्या समुपदेशक मृणालताई आता ओरडणार, याची मला खात्री होती. त्यांनी मला उघडून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. झोप लागते का, जेवण जातं का, मरावंसं वाटतं का, असं सरळ विचारलं. “हा आळस नाही, नंदाताई. हा डिप्रेशनचा आजार आहे आणि ह्यालाही औषध आहे,” म्हणाल्या. रक्तातला विषाणू पुन्हा वाढला होता. जुन्या गोळ्या नीट सुरू झाल्या, मनाच्या डॉक्टरांनी आणखी एक छोटी गोळी दिली. तिच्याकडेही मी बरेच दिवस संशयाने पाहिलं. पण हळूहळू नंदा केस विंचरू लागली. परवाचा रिपोर्ट परत चांगला आला.

सगळं गोड झालं, असं मी म्हणणार नाही. एखाद्या दिवशी ती अजूनही झाकण उघडून उभी राहते. मग स्वयंपाकघरातून हाक येते, “नंदा, थायरॉईडची घेतलीस का गं?” तेही रात्री जेवण झाल्यावर! शेजारच्या काकू ऐकत असणार. ऐकू देत. कापूस आता काढलाय आणि मी खुशाल वाजते.

तुमच्या घरातही फळीवर मागे लपवलेली एखादी डबी असेल. तिच्यात काय आहे ते नका विचारू, पण अधूनमधून उचलून बघा. इतर डब्यांना भरलेलं राहायला आवडतं. मला महिनाअखेरीस रिकामं व्हायचंय. मी रिकामी झाले, की समजा, नंदा आहे.