पुंगळी का अडकत होती

मित्रांनो, पिस्तुलाचे नाव काढले की काही जण दचकतात. दचकू नका. मी पिस्तूल नाही, पिस्तुलाचा वरचा अर्धा भाग आहे, आणि तोही पाहुणा म्हणून येऊन बसणारा. मी एक जुना बदल-संच आहे. ॲल्युमिनियमची हलकी स्लाइड, एक बारीक नळी, एक स्प्रिंग आणि एक मॅगझीन, एवढाच माझा संसार. जाड काडतुसांच्या पिस्तुलाचा वरचा भाग उतरवायचा आणि त्या जागी मला बसवायचे. मग तेच दांडगे पिस्तूल पॉइंट टू-टूची चिमुकली काडतुसे उडवू लागते. या काडतुसांत ठिणगीची दारू बुडाच्या मधोमध नसते, कडेच्या घडीत असते. त्यांचा आवाज कमी आणि हाताला बसणारा धक्का तर नावापुरता. कागदाच्या टार्गेटवर नेम धरणाऱ्यांना आणखी काय हवे?

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तेलात भिजत, कातला जात, घासला जात मी आकाराला आलो. काळा रंग चढला तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो होतो. तिथून मी आलो मिनेसोटाच्या उत्तरेला, हॅगर लेक नावाच्या गावात, ओरिन क्वामेच्या घरी. ओरिन शाळेची बस चालवायचा आणि त्याची बायको आर्डिस त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली हलवायची. या गावात हिवाळा आला की लवकर जात नाही. तळे गोठते. काही लोक बर्फाला भोके पाडून मासे धरत बसतात आणि उरलेले नेमबाजी क्लबच्या हॉलमध्ये जमतात. क्वामे नवरा-बायको दोन्हीकडे असत.

ते माझे सुखाचे दिवस होते. ओरिन मला लावून सराव करायचा. मोठ्या स्पर्धेच्या वेळी मला उतरवून पिस्तुलाचा मूळचा जड भाग चढवायचा. त्याने नेम साधला की लोक त्याची पाठ थोपटत आणि तो मला थोपटत असे. "हे पोरगं जेवतं थोडं आणि राबतं फार," तो म्हणायचा.

पुढे ओरिनची नजर गेली. अगदी अंधार झाला नाही, पण नजरेच्या मधोमध एक धूसर डाग बसला. "टार्गेटचा काळा ठिपका मला दिसतो," तो हसत सांगायचा, "पण बघायला गेलो की पळून जातो." त्याने पिस्तूल आर्डिसच्या हाती दिले. तिला दांडग्या काडतुसांचीच आवड होती, त्यामुळे माझी रवानगी गॅरेजमध्ये, मासेमारीच्या गळांच्या पेटीत झाली. कुणी मला पुसले नाही. अंगावरचे तेल हळूहळू चिकट होत गेले आणि त्यावर धूळ बसली. मित्रांनो, गळांच्या सहवासात राहणे फार टोचते.

माझी सुटका झाली ती एका अपघातामुळे. चर्चच्या अंगणात बर्फावरून आर्डिसचा पाय घसरला. तिच्या हातात मांस आणि बटाट्याच्या हॉटडिशचे तापलेले भांडे होते. तिने भांडे वाचवले आणि मनगट मोडून घेतले. प्लास्टर निघाले तेव्हा हात बारीक झाला होता. मोठ्या काडतुसाची एक गोळी झाडली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले.

नेमक्या त्याच वेळी पाइन नॅरोज गावच्या बायकांशी स्पर्धा ठरलेली होती. हरणाऱ्या संघाने जिंकणाऱ्यांसाठी वॉलआय मासे तळायचे, अशी जुनी रीत. संघात चौघी लागत आणि हॅगर लेककडे चौघीच होत्या. आर्डिस नसती तर संघच बाद झाला असता.

तिची नणंद लव्होन, म्हणजे ओरिनची धाकटी बहीण, त्या संघाची प्रमुख होती. ती दारातूनच ओरडत आली. "ओरिन, तुझा तो छोटा संच कुठे आहे? विकून खाल्लास की काय?"

"गळांच्या पेटीत असेल," ओरिन म्हणाला.

"आणि गळ कुठे ठेवलेस? बायकोच्या दागिन्यांत?"

अशा रीतीने मी उजेडात आलो. आर्डिसने मला फडक्याने वरवर पुसले, पिस्तुलावर चढवले आणि क्लबमध्ये नेले. किती आनंद झाला होता मला! पहिली गोळी सुटली. दुसरी सुटली. तिसऱ्या गोळीची रिकामी पुंगळी बाहेर उडण्याऐवजी माझ्याच जबड्यात उभी अडकली. आर्डिसने ती काढली. पुढे पुन्हा तेच. कधी पुंगळी अडके, कधी स्लाइड अर्ध्या वाटेवरून परत येई आणि नवे काडतूस उचललेच जात नसे. मला शरमेने कुठे तोंड लपवावे ते कळेना.

क्लबचा अध्यक्ष मर्ल टॉमझाक धावत आला. मर्ल मनाने चांगला, पण कुठल्याही दुखण्यावर त्याचे औषध एकच. "तेल," तो म्हणाला, "तेल कमी पडलंय." त्याने मला तेलाने न्हाऊ घातले. त्या तेलात जुनी धूळ, गोळ्यांवरचे मेण आणि जळक्या दारूची काजळी असे सगळे कालवले गेले आणि माझ्या आत लापशी झाली. मी आणखीच अडखळू लागलो.

मग मर्लने आर्डिसकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आर्डिस, राग मानू नकोस. पकड ढिली असली की हलकं पिस्तूल अडकतं. मनगट घट्ट नसेल तर स्लाइडला मागे जायला आधार मिळत नाही. तुझं मनगट... अजून वेळ लागेल त्याला."

ते खोटे नव्हते. असे खरेच होते. पण आर्डिसचा चेहरा उतरला. तिने मला डब्यात ठेवले. घरी आल्यावर ती ओरिनला म्हणाली, "लव्होनला सांग, दुसरी कुणीतरी शोध. माझा हात गेला."

"क्लबचं दुसरं पिस्तूल वापरून बघ की."

"बघितलं. मूठ एवढी जाड, जणू दुधाची बाटली धरलीय. माझ्या हाताला हीच मूठ ओळखते."

ओरिन म्हणाला, "कढईला काही चिकटलं तर तू लगेच कढई फेकतेस का?"

"नाही. आधी आच बघते, मग तेल, मग..." ती थांबली. "एका वेळी एकच गोष्ट बदलते."

"मग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लव्होन क्लबमध्ये हजर झाली. आर्डिसने पिस्तूल तिच्या हातात दिले. लव्होन ट्रकची चाके स्वतः बदलणारी बाई; तिचे मनगट म्हणजे लाकडाचा ओंडका. तिने झाडायला सुरुवात केली आणि पुंगळी अडकली. पुन्हा झाडले, पुन्हा अडकली.

आर्डिस इतकी हसू लागली की कानांवरचे संरक्षक पट्टे खाली घसरले.

"हसतेस काय? माझ्याही हातात पिस्तूल अडकतंय!" लव्होन म्हणाली.

"म्हणूनच हसतेय! तुझंही मनगट मोडलंय का गं?"

त्या हसण्याने माझ्यावरचे ओझे उतरले नाही, पण तिच्यावरचे मात्र उतरले. दोघी मला घरी घेऊन आल्या. टेबलावर वर्तमानपत्र अंथरले. मॅगझीन काढले, नळी रिकामी असल्याची खात्री एकीने केली, मग दुसरीने पुन्हा केली आणि मला सुटे केले. मर्लचे सगळे तेल पुसून काढले. काडतूस बसते त्या खोबणीत काजळीचे कडे जमले होते. ते ब्रशने घासले. पुंगळीला ओढून बाहेर काढणारी माझी नखी मळाने बोथट झाली होती. ती दात कोरायच्या काडीने साफ केली. मग घासणाऱ्या जागी तेलाचा फक्त एकेक थेंब.

"दोन वर्षांच्या पोरासारखी आंघोळ घातली याला," लव्होन म्हणाली.

मला खरेच नवा जन्म झाल्यासारखे वाटले. क्लबमध्ये मी पहिल्यापेक्षा खूप बरा वागलो. मग काडतुसे बदलून पाहिली. ओरिनची जुनी, मेण सुटलेल्या काडतुसांची खोकी बाजूला ठेवली. मऊ चालीची काडतुसे माझ्या पचनी पडेनात, दुसरी जरा जोरकस निघाली आणि ती मला मानवली. आमच्या जातीत प्रत्येकाची आवड वेगळी असते. तरीही मधूनच एखादी पुंगळी अडकतच होती. आता मी स्वच्छ होतो, खाणे ताजे होते, हात लव्होनचे होते. मग अजून काय उरले?

ते सापडले आर्डिसला, आणि सापडले तिच्या दुबळ्या मनगटामुळेच. माझी स्लाइड हाताने मागे ओढताना तिला कधी फार जड जायचे, कधी अगदी सहज जमायचे. लव्होनला किंवा मर्लला हा फरक कळणेच शक्य नव्हते. त्यांच्या ताकदीपुढे दोन्ही सारखेच.

"थांब," आर्डिस म्हणाली. "हा काडतुसावर फटका मारणारा मागचा घोडा खाली असला की जड जातं. घोडा आधीच चढवलेला असला की हलकं. म्हणजे जोर स्लाइडला लागत नाहीये, घोड्याला मागे ढकलायला लागतोय."

"मग?"

"मग दोष या संचात नाहीच. खाली आहे. मुठीत. घोड्यामागची स्प्रिंग फार ताठ आहे."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर मी हॉल दणाणून सोडला असता! मोठ्या काडतुसाला ताठ स्प्रिंगचे काही वाटत नाही. माझ्या चिमुकल्या काडतुसाने मात्र स्लाइड मागे ढकलायची की तो हत्ती हलवायचा?

ओरिनला हे सांगितले तेव्हा तो आधी चिडला. "माझ्या पिस्तुलात दोष? शक्यच नाही. या हातांनी मी ते..."

"बोल ना, ओरिन," लव्होन म्हणाली. "या हातांनी काय?"

"या हातांनी मीच ताठ स्प्रिंग घातली होती. आर्डिसला कडक काडतुसं आवडतात ना, तिच्यासाठी. हा संच तर पेटीत गेला होता, म्हणून याचा विचारच केला नाही."

"आणि इकडे आम्ही तुझ्या बायकोच्या हाताला बोल लावतोय!"

"मूळची स्प्रिंग ठेवलीय मी," ओरिन घाईने म्हणाला. "कुठेतरी."

'कुठेतरी' म्हणजे गॅरेजमधली काचेची बरणी. तिच्यात स्क्रू, वॉशर, बसची जुनी बटणे आणि देव जाणे काय काय होते. लव्होनने डोळे फाडून शोधले, पण एकीसारखी दुसरी स्प्रिंग. ओरिनने बरणी मांडीवर घेतली आणि बोटे आत घातली. तो एकेक वेढा चाचपत होता, दाबत होता, बाजूला ठेवत होता. अखेर एक स्प्रिंग त्याने अंगठ्याने दाबली, सोडली, पुन्हा दाबली. "ही," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला की जणू तो काळा ठिपका क्षणभर जागेवर उभा राहिला होता.

मर्लने खीळ काढून ती बसवली. "आणखी हलकी घालूया का?" त्याने उत्साहाने विचारले.

"नको," ओरिन म्हणाला. "फार हलकी झाली तर घोड्याचा फटका कमी पडेल, ठिणगीच पडणार नाही. मूळची ती बरी."

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरला होता. पाइन नॅरोजच्या बायका निळ्या स्वेटरमध्ये आल्या होत्या आणि आतापासूनच "लिंबू जास्त कापा हं" असे टोमणे मारत होत्या. ओरिन मागच्या बाकावर बसला. त्याच्या कानांवर मोठा आवाज दाबणारे आणि बारीक आवाज वाढवणारे यंत्राचे पट्टे होते. त्याला टार्गेट दिसणार नव्हते. त्याला ऐकायची होती ती गोळीमागून जमिनीवर पडणारी पुंगळी.

आर्डिसने हात उचलला. ठप्प, टिंग. ठप्प, टिंग. मी असा चाललो की काय सांगू! सगळा खेळ लयीत आला. आणि एकदम नुसते 'टक्' झाले. गोळी सुटलीच नाही.

मागून मर्लचा श्वास ऐकू आला. लव्होनने डोळे मिटले. आर्डिस मात्र हलली नाही. नळी टार्गेटकडेच रोखून तिने दुसरा हात वर केला आणि पंच येईपर्यंत शांत उभी राहिली. मग काडतूस बाहेर काढले. त्याच्या बुडाच्या कडेवर घोड्याचा ठसा खोल, स्वच्छ उमटला होता.

"काडतूसच फुसकं," पंच म्हणाले. "पुन्हा झाडा."

"मला माहीत होतं," आर्डिस म्हणाली. "आता हा अडकत नाही."

तिने पुन्हा झाडले. ठप्प, टिंग.

हॅगर लेक हरले, तेही थोडक्यात. पण हरल्याचे दुःख कुणाच्या तोंडावर दिसेना. क्लबच्या स्वयंपाकघरात चौघी मासे तळू लागल्या आणि आर्डिसने लोखंडी तवा उजव्या हाताने उचलला. आपण काय केले हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"लव्होन, बघ!"

"बघितलं. आता खाली ठेव, तेल सांडेल."

मित्रांनो, हल्ली मी एका स्वच्छ डब्यात, कोरड्या फडक्यात असतो. माझे एवढेच सांगणे आहे. आमच्यासारख्यांना काम झाल्यावर पुसून ठेवा. तेल थेंबभरच द्या. आम्ही अडलो की रागावण्याआधी एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. आणि एखाद्या माणसाचा हात थरथरला, तर दोष त्याच्याच हाताचा, असे चटकन म्हणू नका. कदाचित त्याच्यावर कुणी फार ताठ स्प्रिंग लावून ठेवली असेल, आणि ती त्याच्या एकट्याच्याच लक्षात आली असेल.

स्पर्धेच्या त्या दिवशी पाहुण्या बायका जेवायला बसल्या, तेव्हा आर्डिसने पिठाचे हात धुतले आणि ब्रश घेऊन माझ्याकडे आली. "मासे गार होतायत गं!" आतून हाक आली.

"तुम्ही सुरू करा," ती म्हणाली. "हा अजून गरम आहे, आत्ताच मळ चांगला निघतो."