भिंतीकडे तोंड करून

मी एक जुने जेट विमान आहे. मित्रांनो, जन्मापासून सांगायला हवे, पण मला आधी एक पत्र आठवते. ते माझ्या मेकॅनिककाकांना आले होते आणि सात महिने त्याला उत्तर गेले नव्हते.

एकवीस वर्षे मी माणसे वाहिली. धावपट्टी सुटली की बडबडी माणसेही गप्प होऊन खिडकीबाहेर बघत. तीच शाबासकी, असे मी समजे, चुकतही असेन. मग पंखाच्या मुळाशी तडा सापडला आणि मला या हँगरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभे केले.

त्याला अकरा वर्षे झाली. टायर चेपू नयेत म्हणून काका महिन्यातून एकदा मला जॅकवर उचलून चाके पाव फेरा फिरवतात. एवढाच माझा प्रवास. मग चाकांना ओंडके लावून, हँगरचे मागचे दार उघडून शेपटीकडची दोन्ही इंजिने सुरू करतात. मी गर्जतो, थरथरतो. भिंत तिथेच असते.

पत्र जुनी विमाने उडवणाऱ्या मंडळींचे होते. माझ्या जातीचे एकच विमान अजून उडते. त्याचे एक इंजिन निकामी झाले होते. ‘तुमचे द्याल का? वर्षअखेरपर्यंत मिळाले नाही, तर आमचे विमान मोडीत जाईल.’

काका भिंग घेऊन पुन्हा पुन्हा तडा बघत. डबा घेऊन आलेल्या काकू एकदा वैतागल्या.

“अहो, यंत्राला तेल पाजता, आणि माणसांना चार ओळी लिहवत नाहीत?”

“तडा दुरुस्त झाला तर? इंजिन दिलं की हे कायमचं अडकलं गं.”

“आणि आत्ता काय उडतंय? मलासुद्धा होकार द्यायला दीड वर्ष लावलंत. बाबा दुसरीकडे बघायला निघाले होते!”

काका हसले. मग भिंग पुसून पेटीत ठेवले आणि माझ्या पंखाखाली बसून लिहू लागले.

मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण मित्रांनो, जी वस्तू जपाल ती कुणाच्या तरी उपयोगी पडू द्या. नुसती कोंडून ठेवू नका.

समोरच्या भिंतीत एक लहान खिडकी आहे. तिच्यातून रस्त्यापलीकडची टपालपेटी दिसते. काका तिथे बराच वेळ उभे राहिले. काकूंनी पत्राचे दुसरे टोक धरले, आणि दोघांनी मिळून ते आत सोडले.