पेन्सिलीतलं शहर

आरेखकाने चाळीस वर्षं कचेरीत नकाशे काढले आणि एकच नियम पाळला: सगळं नक्की होईपर्यंत पेन्सिल, शाई अगदी शेवटी. नियम चांगलाच होता. पण माणूस निवृत्त झाला तरी त्याचा नियम काही निवृत्त होत नाही.

त्याच्या बायकोला सगळे बाईच म्हणत, थट्टेने तोही म्हणे. बाईंनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि भूमध्य समुद्राकाठचं एक जुनं शहर, त्याच्या तटासकट आणि बंदरासकट, स्वतः न बघताच मुलांकडून तोंडपाठ करून घेतलं. आता त्यांची नजर चालली होती. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, "वर्षभर धरून चाला. काय बघायचं ते बघून घ्या."

"मला ते शहर बघायचंय," बाई घरी येताच म्हणाल्या. "बाकी काही नको."

आरेखक कंबर कसून कामाला लागला. जेवणाच्या टेबलावर फळी आली, तिच्यावर कागद ताणला गेला. कुठून निघायचं, कुठे टेकायचं, तटावर पायऱ्या किती, कुठे कठडा नाही, सगळं पेन्सिलीत उतरू लागलं. उन्हाळ्यात गर्दी म्हणून सहल हिवाळ्यावर गेली. हिवाळ्यात वारा फार, म्हणून आणखी पुढे. मुलगी फोनवर कानीकपाळी ओरडायची, "बाबा, आधी तिकिटं काढा हो."

"घाईत काम बिघडतं," तो म्हणायचा आणि रबर उचलायचा.

इकडे बाईंच्या हातून कप सांडायला लागले, पेपर घडी न मोडता पडून राहायला लागला. नवऱ्याच्या लक्षात यायला हवं होतं, पण त्याची मान नकाशात. त्याचा राग यावा, तर बिचारा राबत होता तो बाईंसाठीच.

दहाव्या महिन्यात त्याने शाई भरली. ती वाळल्यावर कागद बाईंपुढे पसरला. "सांगा बघू बाई, सुरुवात कुठून?"

बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "बंदरापासून. छान झालंय हो."

बोट कोऱ्या समासात होतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"तुम्ही तटाच्या पायऱ्या मोजत होतात ना, तेव्हापासून. महिना झाला असेल."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, पेन्सिल फिकी असेल. शाई भरलीत की दिसेल."

स्वतःची लाज वाटून तो कागद गुंडाळायला लागला. बाई म्हणाल्या, "असू दे. वाचून तरी दाखवा."

त्याने चष्मा पुसला. "बंदर ते वेस, चारशे वीस पावलं. तटाच्या पायऱ्या एकशे बारा, कठडा डावीकडे. मग सावलीत बाक. पुढे चढ."

"हो, पण वर गेल्यावर दिसतं काय?"

त्याने कागद वरपासून खालपर्यंत धुंडाळला. दहा महिन्यांत तेवढंच लिहायचं राहून गेलं होतं.