बस्त्याच्या दिवशी दीपमाला बसली

गुलमंडीवरच्या त्या साड्यांच्या दुकानात नियम एकच होता: गिऱ्हाईक गादीवर, आपण पायांवर. सकाळी दहा ते रात्री नऊ. सात वर्षांत दीपमालाच्या पोटऱ्यांत असे गोळे आले होते, की मुकुंदवाडीला घरी पोचली की ती आधी भिंतीला पाय लावून आडवी व्हायची, मग सासूशी बोलायची. शेठजींकडे तिनं दोनदा स्टूल मागितलं. "बसलेला माणूस दिसला की गिऱ्हाईक पळतं," शेठजी म्हणाले, गल्ल्यामागच्या गुबगुबीत खुर्चीतून.

म्हणून शेजारच्या जैतुनबीच्या अरफाचं लग्न ठरलं, तेव्हा बस्ता आपल्याच दुकानात बांधा, असा दीपमालानं लकडा लावला. सुट्टीच्या दिवशी स्वतःही सोबत गेली. बस्त्याला घरदार दिवसभर दुकानात ठाण मांडतं. आज दिवसभर बसायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

आणि बसली की! लोडाला टेकली, पाय पसरले, चहा आला. शेठजींना तोंड उघडता येईना, आज ती गिऱ्हाईक होती.

"मोतीरामकाका, ती वरची जांभळी काढा," तिनं हुकूम सोडला.

मोतीरामकाका या दुकानात पंचवीस वर्षं उभे. तासाभरानं ते अंगाचा भार या पायावरून त्या पायावर टाकू लागले. ते कशानं होतं, हे त्या गादीवर फक्त दीपमालाला ठाऊक होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. चहा अर्धा तसाच राहिला.

"काका, वर बघून बघून मान धरली. खाली बसून दाखवा."

काकांनी शेठजींकडे पाहिलं. शेठजींनी पंख्याकडे.

"माजी मान तर चांगली हाय," जैतुनबी म्हणाली. दीपमालानं तिला चिमटा काढला. "या अल्ला, माजी बी गेली की! बसा भाऊ. ओ ताई, तुमी बी बसा!"

पाच मिनिटांत दुकानातली सगळी विकणारी माणसं गादीवर. अख्ख्या लग्नाचा बस्ता, शेठजी बोलणार काय?

दुसऱ्या दिवशी दीपमाला पुन्हा उभी, आणि शेठजींच्या कपाळाला आठ्या. दुकान उघडतंय तोच मोतीरामकाकांच्या पत्नी लक्ष्मीबाई आत आल्या. शेठजींनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. काका घाईघाईनं साड्यांच्या घड्या घालू लागले.

लक्ष्मीबाईंनी गादीवर ऐसपैस मांडी ठोकली.

"लई साड्या बघायच्यात मला, सांजपस्तोर," त्या दीपमालाला म्हणाल्या. "पण पोरी, माजी मान दुखती बघ. बस, बसून दाखव."